आर्डिथचं लोहचुंबक

आर्डिथच्या थोरल्या बहिणीला जुळ्या मुली झाल्या, ते १९७४ साल. त्याच जूनमध्ये ओहायोतल्या एका पेट्रोल पंपावर, पावसाच्या बुरबुरीत, वेंडेल प्रूइट तिला भेटला. तिच्या वडिलांच्या, ऑटो केस्लरांच्या, १९३१च्या काळ्या फोर्डकडे तो बराच वेळ बघत राहिला... आणि मग तिच्याकडे. हा क्रम तिच्या चांगला लक्षात राहिला.

पुढे तो दर रविवारी घरी येऊ लागला. आधी ऑटोंबरोबर बॉनेट उघडायचं, मग आर्डिथबरोबर ओसरीवर लिंबाचं सरबत. आर्डिथ हसायची, पण जपून. आदल्या वर्षी असाच एक जण तिला तीनदा नाचायला घेऊन गेला होता आणि चौथ्यांदा त्यानं गाडीचा भाव विचारला होता. यंदा भीती जास्त होती, कारण रविवारची वाट ती शुक्रवारपासूनच बघू लागली होती.

ऑगस्टच्या जत्रेत जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत शेवटी दोनच उरल्या: ऑटोंची फोर्ड आणि वेंडेलची १९५७ची शेव्हरोले. तिथली रीत अशी, की अशा दोघांनी एकमेकांची गाडी तपासायची आणि सापडलेला दोष पंचांसमोर बोलायचा. फोर्ड उभट, बारीक चाकांची, शेतात राबून आलेल्या माणसासारखी. शेव्हरोले लांबलचक, मागं माशाच्या परांसारखे पंख, अंगभर चकाकी, जणू वरातीला निघालेली. इतकी नटलेली गाडी काहीतरी लपवणारच, असं आर्डिथला वाटलं.

वडिलांचे गुडघे धरलेले, म्हणून तीच वाकली. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक तिनं पत्र्यावरून फिरवलं. डाव्या मडगार्डवर ते चिकटेना. रंगाखाली पत्र्याऐवजी खड्डा बुजवायची पुट्टी होती.

"सापडलास," ती म्हणाली.

"काचेवरचा कागद वाचलास का?" वेंडेलनं विचारलं.

कागदावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: डावं मडगार्ड, पुट्टी, गायीची धडक. गाडीवाल्यांचे कागद ती कधी वाचतच नसे.

मग वेंडेल फोर्डच्या इंजिनावर वाकला. त्यावर ठोकलेल्या नंबरावर त्याचं बोट थबकलं. त्यानं ऑटोंकडे पाहिलं, ऑटोंनी मान खाली घातली. दोष नाही, असं पंचांना सांगून तो बाजूला झाला.

आर्डिथनं त्याला गाडीमागं गाठलं आणि नंबरात काय होतं ते विचारलं.

"इंजिन बदललेलं आहे. जुन्याचा नंबर यावर हातानं ठोकलाय, दोन आकडे तिरके आहेत."

"मग गप्प का बसलास?"

"गाडी हवी असती तर ओरडून सांगितलं असतं. भाव तिथंच पडला असता."

"मग हवंय तरी काय तुला?"

"एक रविवार..." तो कानशिलापर्यंत लाल झाला, "बॉनेट न उघडता यायचंय."

तोवर ऑटोंनी स्वतःच पंचांना नंबराचं सांगून टाकलं होतं. बक्षीस शेव्हरोलेला गेलं. हाच तर वेंडेलचा डाव नव्हता ना, असं आर्डिथच्या मनात येऊन गेलं — तरी घरी जाताना ती त्याच्याच गाडीत बसली. पुढचं सीट सलग होतं. तिकडं प्रेमात पडलेली मुलगी त्यावर मधे, गाडी चालवणाऱ्याला खेटून बसते. आर्डिथ दाराला चिकटून बसली.

ऑक्टोबर येईपर्यंत दोघांत वीतभरही जागा उरली नव्हती.

ऑटो केस्लर १९७७च्या फेब्रुवारीत वारले. वेंडेल, आर्डिथचा नवरा, २००९च्या एप्रिलमध्ये वारला.