थोपटल्याचा आवाज

यातलं एक अक्षरही मी रंगवून लिहिलेलं नाही. आमच्या विभागाच्या तळघरात, मागच्या महिन्यात, भर दुपारी हे सुरू झालं.

मी मध्ययुगीन व्यापारावर संशोधन करते. एका जुन्या बंदराजवळच्या दफनभूमीत खोदताना आम्हाला एक बाई सापडली. गळ्यात परदेशी काचमणी आणि कुशीत तान्हं बाळ. तिचा हात बाळाच्या पाठीवर तसाच होता.

ती व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापलीकडून आली आणि इथेच संसाराला लागली, असं माझं म्हणणं होतं. ते खरं ठरलं तर माझी नोकरी कायम होणार होती.

नियमाप्रमाणे मी दोघांना वेगळं केलं. मोठ्यांचे खोके डावीकडच्या रॅकवर, लहानांचे उजवीकडे.

बाळाच्या हाडाची भुकटी तपासली की त्याचे आईबाप कुठले ते कळतं. हाडं मुळात मूठभरच होती. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "अर्धी ठेव हं. पुढच्यांनाही काही बघू दे."

पहिली तपासणी फसली. दुसऱ्या वेळी मी हात आखडता घेतला नाही. उरलेलं सगळं दळलं.

सरांनी विचारलं तेव्हा म्हटलं, "आहेत ना सर, जपून ठेवलीत."

निकाल मला हवा तसाच आला. विभागात केक कापला. माझा तुकडा मी तसाच बशीत ठेवला.

त्यानंतरच्या शनिवारी मी बाईच्या हाडांचे फोटो काढायला तळघरात उतरले. एकटीच. सर नेहमी म्हणायचे, खोक्यांतली आपली माणसं गुणी आहेत, चहासुद्धा मागत नाहीत. ते आठवून मला हसू आलं.

तेवढ्यात...

थप. थप. थप.

आधी वाटलं, पाइप असेल. पण हा आवाज कुठल्याही आईला ओळखू येतो. माझी बबडी आठ महिन्यांची आहे. तिला झोपवताना माझा हात असाच पडतो.

आवाज डावीकडच्या रॅकवरून येत होता. तिच्या खोक्यातून.

मी झाकण उघडलं. आवाज थांबला. हाडं जागच्या जागी होती. फक्त हाताच्या हाडांची पिशवी कडेला सरकली होती, आणि तिच्याखालच्या फोमला खळगा पडला होता...

बाळाएवढा.

मला काय सुचलं कोण जाणे. मी उजवीकडून बाळाचा खोका आणला आणि तिच्या शेजारी ठेवला. आत काहीच नाही, हे मला माहीत होतं.

क्षणभर सगळं शांत.

मग त्या रिकाम्या खोक्यात काहीतरी सरपटलं. अंधारात अंथरूण चाचपतात ना, तसं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. आधी सावकाश... मग घाईघाईने.

मी पर्स तिथेच टाकून पळाले.

सोमवारी सरांना सगळं सांगायचं ठरवून त्यांच्या खोलीत गेले. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी अभिनंदन म्हणत माझा हात हातात घेतला. माझी नोकरी कायम झाली होती. मी "थँक यू सर" म्हणून बाहेर आले. माझी मलाच लाज वाटली.

काल दुपारी बबडी किरकिर करत होती. नवरा बाहेर गेला होता. पडदे ओढून मी तिला कुशीत घेतलं आणि थोपटू लागले. तिचा डोळा लागला, तसा मी अलगद हात उचलला.

थप. थप. थप.

माझा हात हवेत होता...

बबडीच्या पाठीवरचं झबलं हळूच दबत होतं. पुन्हा वर येत होतं. ती गाढ झोपली होती. इतकी शांत ती माझ्याजवळ कधीच झोपत नाही.

तिला उचलून छातीशी धरावं म्हणून जीव तुटत होता. पण त्या बाईच्या हाताखालून पुन्हा एकदा मूल काढून घ्यायला माझा हात पुढे झाला नाही.