‘घेतला’ म्हणेपर्यंत

मोबाईल खिशात घाला, मग सांगतो. ऐकीव नाही, माझ्या जिवलग मित्राबरोबर घडलंय.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. गाडी उशिरा पोचली, म्हणून रात्रीचे अकरा वाजून गेलेले. काम तसं मामुली होतं. हवाई दलातली त्याची जुनी स्क्वाड्रन केव्हाच मोडीत निघालेली. तिच्या इतिहासाची खोली सकाळी उघडायची होती, आणि तिथे मांडायला त्याचा हेडफोन हवा होता. तो राहिला होता विमानात. पाठीवर रडार घेऊन उडणारं ते विमान, त्यात बसून हा लढाऊ विमानांना वाट दाखवायचा. आता ते बंद धावपट्टीच्या कडेला उभं होतं. इंजिनं काढलेली, वायरी कापलेल्या.

स्क्वाड्रनचा एक शिरस्ता होता. आपण वाट दाखवत असलेला वैमानिक दुसऱ्या नियंत्रकाच्या हवाली केला, की समोरून ‘घेतला’ ऐकू आल्याशिवाय हेडफोन काढायचा नाही. यानं एकदाच काढला. समुद्रावर, वादळात, स्वतःच्या विमानाचं इंधन संपत आलं तेव्हा. जमिनीवरच्या नियंत्रकाकडून ‘घेतला’ आलंच नव्हतं. तो वैमानिक याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. परत आला नाही. “मी शेवटपर्यंत त्याच्याशी बोलत होतो,” असं यानं बहिणीला सांगितलं, आणि ते खोटं इतकी वर्षं उरावर बाळगलं.

तिथला चौकीदार विमानाच्या शिडीपाशीच थांबला. “लवकर उरका, साहेब. आत उंदरांशिवाय कोणी नाही.”

“माझी खुर्ची तरी ठेवलीय का त्यांनी?”

खुर्ची होती. तिच्यावर हेडफोन. सवयीनं त्यानं कानाला लावला.

“दादा...”

तुटलेली वायर त्याच्या मांडीवर लोंबत होती.

“दादा, इंधन संपतंय. दिशा सांगा.”

हेडफोन फेकून पळावंसं वाटलं. पळाला नाही.

समोरचा रडारचा पडदा काळा. पोरगा आहे कुठे, कसं कळणार?

“डावीकडे वळ,” तो रडत म्हणाला. “अजून थोडं. मी आहे. कुठेही जात नाही.”

“काहीच दिसत नाही...”

“खाली ये. सावकाश.”

खरखर. नुसती खरखर.

“बोल रे. एकदा बोल...”

...

मग अगदी हळू, “दिवे दिसले, दादा.”

धावपट्टीवर दिवे नव्हतेच. कित्येक वर्षं.

पहाटे चौकीदारानं त्याला धरून खाली आणलं. घसा पार बसलेला, कानाला हात लावू देईना.

धावपट्टीवरच्या गवतात चाकांच्या ताज्या पट्ट्या होत्या. एका टोकाला सुरू झालेल्या, मध्यावर संपलेल्या. पुढे काहीच नाही.

मित्रानं तेव्हा कुठे हेडफोन काढला.

पट्ट्यांत पाणी साचलं होतं. तिथून समुद्र एका रात्रीच्या प्रवासावर. चौकीदारानं वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं.

“खारट आहे,” तो म्हणाला.