रिकामी कांडी

भुतं फक्त अमावस्येच्या रात्रीच फिरतात, असं ज्यांचं ठाम मत आहे त्यांनी हे वाचायचे कष्ट घेऊ नयेत. ही गोष्ट भर दुपारची आहे. शुक्रवारची. ऊन डोक्यावर होतं आणि शेजारच्या गच्चीवर बोंबील वाळत होते.

आणि ती खरी आहे.

माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या घरात घडलेली. तिचं नाव राहीबाई. कल्याण-भिवंडी रोडवरच्या कोन गावात तिचं घर, आणि घराच्या मागच्या अंगाला तिच्या नवऱ्याचा, बाळारामचा, लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, छोटा कारखाना. तिनं मला जे सांगितलं तेच लिहिते. पदरचं मीठ घातलेलं नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

लूम चालू असताना कारखान्यात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. आवाज न काढता, ओठ मोठे हलवून. समोरचा वाचतो. शिव्यासुद्धा तशाच देतात, आणि त्या बरोबर पोचतात. पण समोरच्याची पाठ असेल तर? मग रिकामी कांडी उचलायची, म्हणजे सूत संपलेली नळी, आणि त्याच्या पायाशी फेकायची. टक. तो वळून बघतो.

बाळारामच्या कारखान्यात हाक अशीच मारायचे.

राहीबाई लग्न होऊन आली ती ही भाषा शिकली. चहा घेऊन दारात उभी राहायची आणि ओठांनी विचारायची, "साखर कमी चाललं का?" आतून बाळारामचे ओठ म्हणायचे, "तुज्या हातचा जहर बी चाललं." बाकीचे कारागीर हसायचे. तेही ओठांनीच.

पहिल्यांदा बाळारामचा डावा कान गेला.

कोणी काही मनावर घेतलं नाही. भिवंडीत लूमवाल्याचा कान गेला म्हणून कोणी डॉक्टरकडे जातं का? यहया नावाचा जुना कारागीर होता, तो तर म्हणाला, "मुबारक हो सेठ, अब आप असली लूमवाले हुए. हमारे तो दोनों गए."

बाळाराम हसला. फोन उजव्या कानाला लावायला लागला.

मग चालताना तोल जायला लागला. गावानं तोंडाचा वास घेतला. काही सापडलं नाही, तरी शंका गेली नाही. मग डाव्या गालाला मुंग्या. मग सकाळी उठल्याउठल्या उलटी. गावातल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग चक्करच्या दिल्या, मग दोन्ही एकदम दिल्या.

आणि एका शुक्रवारी जेवताना बाळाराम घास हातात धरून थांबला.

"राही... कोपऱ्यातला लूम कोनी चालू केला?"

शुक्रवारी लूम बंद असतात. अख्खी भिवंडी बंद असते. त्या दिवशी इतकी शांतता असते की माणसाला स्वतःच्या घरात परक्यासारखं वाटतं.

"कोनीच न्हाय," राहीबाई म्हणाली. "आज शुक्कर हाय."

"चालू हाय," तो म्हणाला. "माना या कानात ऐकू येतं."

आणि त्यानं डाव्या कानाला हात लावला.

मेलेल्या कानाला.

कोपऱ्यातला लूम चंद्राचा होता. चंद्रा अंजूरचा. बाळारामला दादा म्हणायचा आणि राहीबाईला वयनी. वर्षानुवर्षं तोच लूम चालवला त्यानं, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. शेवटी शेवटी चंद्रा चालताना भेलकांडायचा. त्याच्याही तोंडाचा वास घेतला होता लोकांनी. बोलणंही पुसट झालं होतं, घोगरं, मग जवळजवळ बंदच.

काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी तो एकटाच लूम साफ करायला आला. घरात कोणी नव्हतं. सगळे राहनाळला हळदीला गेले होते, डीजेसमोर नाचत होते.

दुसऱ्या दिवशी सापडला. लूमच्या पायाशी, कुशीवर मरून पडलेला.

आणि त्याच्यापासून दारापर्यंत... जमिनीवर रिकाम्या कांड्याच कांड्या.

पेटीतल्या सगळ्या फेकल्या होत्या त्यानं. दाराच्या दिशेनं. ज्या दारात कोणी उभंच नव्हतं.

"दारू नडली," म्हणाले लोक. चंद्राला कोणी कधी कुठल्या तपासणीच्या मशीनमध्ये घालून बघितलं नाही. त्याचा लूम तेव्हापासून बंद. मोटरही काढलेली. पट्टा नाही, सूत नाही, धोटा नाही.

तो लूम बाळारामला ऐकू येत होता.

शेवटी मुलगी करिष्मा बापाला ओढत ठाण्याला घेऊन गेली. एमआरआय काढायला सांगितला. त्या नळीत भले भले घाबरून घंटी दाबतात, इतका खडखडाट असतो. बाळाराम आत चक्क झोपला. मशीनवाला पोरगा म्हणाला, "काका, इथं घोरणारे तुम्ही पहिले."

"चांगली हाय मशीन," बाळाराम म्हणाला. "लूमासारकी. पन तिच्यामंदी एक वेगला चालत व्हता."

राहीबाईनं विचारलं नाही कुठला.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर पांढरी गाठ. लिंबाएवढी.

"कॅन्सर नाही," ते म्हणाले. "पण जागा वाईट आहे. वाढत वाढत मेंदूच्या बुंध्याला टेकलीय. श्वास, गिळणं, सगळं तिथूनच चालतं. काढावीच लागेल. कान गेला तेव्हाच का नाही आलात?"

"डॉक्टर, आमच्यात कान सगल्यांचंच जातान."

"लूमनं जातात ते दोन्ही जातात, मावशी. सारखे. एकाच बाजूचा गेला तर विचारायला हवं होतं."

राहीबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. तिला चंद्रा आठवला. तो नेहमी मान वळवून उजवा कान पुढे करायचा...

एकाच बाजूचा.

बाळारामनं डॉक्टरांना एकच विचारलं. "आपरेशन झाल्यावर कानातला आवाज बंद व्हईल?"

"सांगता येत नाही. कान परत येणार नाही. आवाज कधी राहतो, कधी जातो. मेंदू तयार करतो तो."

"असं," म्हणाला बाळाराम. आणि डॉक्टरांकडे बघत राहिला. त्याला डॉक्टरांची कीव आल्यासारखा.

मुंबईच्या हॉस्पिटलात तारीख मिळाली. त्याच्या आधीचा शुक्रवार. दुपार.

राहीबाई चहा घेऊन मागे गेली. कारखान्याचं दार अर्धं उघडं. आत लूम उभे, गप्प. छपराच्या पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या पडलेल्या. एक माशीही नाही.

बाळाराम चंद्राच्या लूमसमोर उभा होता. एका हातानं खांब धरून.

त्याचे ओठ हलत होते.

आवाज नव्हता. लूमची बोली. मोठी, स्पष्ट. राहीबाईनं दारातूनच वाचलं.

"कोन न्हाय कसा? मी हाय ना."

मग थांबला. समोर बघत. कोणी बोलत असताना थांबतो तसा.

मग पुन्हा ओठ हलले. "व्हय... येतो. माना नीट चालता येत न्हाय. थांब."

राहीबाईनं समोर बघितलं. समोर लूम होता. गंज होता. दुसरं काहीही नव्हतं.

टक...

लूमच्या मागून एक रिकामी कांडी आली आणि बाळारामच्या पायाशी थांबली.

चहाचा कप कधी पडला हे तिला कळलंच नाही.

टक... टक...

दुसरी कांडी आली. ती बाळारामला ओलांडून गेली. हळूहळू गोल फिरत, दारापर्यंत. राहीबाईच्या अंगठ्याला लागून थांबली.

थंड होती. मे महिन्यात, पत्र्याखाली.

तिनं नवऱ्याला काखेत धरून ओढलं. त्याला तिनं तेव्हा भूतबित काही म्हटलं नाही. "चाय सांडला तुज्यापायी," एवढंच बोलली. बाईमाणसाला अशा वेळी हेच सुचतं.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. राहीबाई आणि करिष्मा बाहेर बाकावर. आत नवऱ्याचं डोकं उघडं, बाहेर आपण वडापाव हातात धरून बसलेलो. न खाता. न टाकता. दार उघडलं की उठायचं, दुसऱ्याचं नाव घेतलं की बसायचं. दुसरं काही करताच येत नाही.

दुपार कलायला आली तेव्हा बाकाखाली आवाज झाला.

टक.

करिष्मानं वाकून उचललं. "आई, ही कांडी पिशवीतून पडली वाटतं तुझ्या."

पिशवी हॉस्पिटलच्या खालच्या दुकानातून त्याच सकाळी घेतलेली होती. कोरी.

राहीबाईनं पिशवी पदराखाली घेतली. पोरगी आधीच रडून सुजली होती. करिष्मानं कांडी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

गाठ निघाली. बाळाराम वाचला. पण डावा अर्धा चेहरा गेला. डोळा मिटेना म्हणून पट्टी लावली, ओठाचा कोपरा मेणासारखा ओघळला. "गाठीला चिकटलेली नस होती, वाचवता आली नाही," डॉक्टर म्हणाले. "ही बाजू आता हलणार नाही." गिळता येत नव्हतं म्हणून गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. त्यामुळे आवाज नाही.

सिस्टर हैराण. पेशंट काहीतरी सांगतोय आणि कोणाला कळत नाही.

राहीबाई पलंगाच्या पायाशी उभी राहिली. बाळारामच्या तोंडाची उजवी बाजू हलली. अर्धाच ओठ. अर्धाच शब्द. तिनं वाचला.

"काय म्हणतात?" सिस्टरनं विचारलं.

"चाय मागतान."

डॉक्टर हसले. "मावशी, तुम्ही ओठ वाचता? कुठे शिकलात?"

"लूमवाल्याची बायको हाय मी," ती म्हणाली. त्या दिवसांतलं तेवढंच एक हसू.

मग दुखतंय, पाणी, कूस बदल, करिष्मा जेवली का... सगळं ती वाचून सांगायची. अर्ध्या तोंडाचं. उजव्या.

शुक्रवार आला.

दुपारची भेटीची वेळ. काचेतून लख्ख ऊन आत पडलेलं. बाळाराम झोपला होता. उजवा डोळा मिटलेला, उजवा गाल सैल, श्वास नळीतून संथ. राहीबाई त्याचा हात धरून बसली होती.

तिला वाटलं माशी बसली म्हणून ओठ हलला.

माशी नव्हती...

डावा ओठ हलत होता.

उजवी बाजू गाढ झोपलेली. आणि डावी, जी कधीच हलणार नव्हती, ती मोठी, स्पष्ट हलत होती. लूमच्या बोलीत.

"वयनी."

बाळारामनं बायकोला जन्मात कधी वयनी म्हटलेलं नाही.

राहीबाईनं सिस्टरकडे बघितलं. सिस्टर पलीकडे पाठ करून इंजेक्शन भरत होती. हाक मारायला आवाज फुटेना.

ओठ पुन्हा हलला.

"कोनी हाय का?"

आमच्याकडे म्हाताऱ्या सांगतात, अनोळखी हाकेला ओ देऊ नये. तिसरी हाक येईपर्यंत थांबावं. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा मारत नाही.

राहीबाई थांबली. मनात देवीचं नाव घेत थांबली.

"कोनी... हाय का?"

'कोनी हाय का' दोनदा झालं. मग ओठ स्थिर. बराच वेळ. तिनं श्वास सोडला.

आणि मग तिसऱ्यांदा. हळू. आशा सुटलेल्या माणसासारखं.

"वयनी... कोनी हाय का?"

त्या शुक्रवारी, बंद कारखान्यात, पडल्यापडल्या तो हेच विचारत राहिला असेल. आवाज गेलेला. कांड्या संपलेल्या. आणि आपण सगळे हळदीला.

राहीबाईनं ओठ हलवले. आवाज न काढता.

"हाय. मी हाय, चंद्रा."

डावा ओठ थांबला. मग कोपरा जरासा वर गेला... आणि पुन्हा मेणासारखा ओघळला.

डॉक्टरांना तिनं सांगितलं. त्यांनी टॉर्च मारली, टाचणी टोचली, भुवई वर करायला लावली. काही नाही. "थकलात तुम्ही मावशी," म्हणाले. "घरी जाऊन झोपा."

त्या दिवसापासून बाळाराम सुधारत गेला. नळी निघाली. गिळायला लागला. आता काठी घेऊन चालतो, तोंड वाकडं आहे, चहा एका बाजूनं पितो.

घरी आल्यावर त्यानं पहिलं काय सांगितलं, तर, "राही, कानात एकदम शांत हाय गं. गेला तो."

राहीबाईनं मान डोलावली.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज हे लिहीत बसले नसते.

गेल्या आठवड्यात मी कोनला गेले होते. शुक्रवार होता. लूम बंद. बाळाराम ओटीवर झोपलेला, आम्ही दोघी मागच्या दारी वाटाणे सोलत बसलो होतो. मी बोलत होते, ती उत्तर देत नव्हती. मला वाटलं रुसली.

"बाय, हिकडं ये," ती शेवटी म्हणाली आणि मला उठवून स्वतःच्या उजव्या हाताला बसवलं. "या कानात बोल."

माझ्या हातातला वाटाणा हातातच राहिला.

"आणि त्या कानाला काय झालं?"

ती हसली. शेंगा सोलत राहिली. बोटं एका तालात चालत होती... एका ठरावीक, खडखडत्या तालात.

"त्यामंदी लूम चालू हाय," ती म्हणाली.

मी ओरडले, रडले. आत्ताच्या आत्ता ठाण्याला चल म्हणाले. राही, तू कधी लूमवर उभीसुद्धा राहिली नाहीस, तुझा कान कसा जाईल? डॉक्टर काय म्हणाले होते आठव, एकाच बाजूचा गेला तर... गाठ लहान असेल अजून, लवकर सापडली तर सोपं असतं. करिष्माला फोन लावते म्हणाले.

तिनं माझा हात धरून फोन खाली ठेवला.

"जाईन गं. जाईन मंग," ती म्हणाली, लहान पोराला समजवावं तसं. "आपरेशन केलं तर आवाज गेला तं? यांचा गेला तसा. त्याला वाटंल परत कोनी न्हाय."

मी रोज फोन करते. रोज ती उजव्या कानाला लावते. रोज म्हणते, जाईन.

काल बोलता बोलता मधेच थांबली. मी हॅलो हॅलो करत राहिले. पलीकडे नुसती शांतता.

आणि मग फोनमधून, अगदी जवळून, फरशीवर काहीतरी पडल्याचा आवाज आला.

टक...