काखोटीतला बगळा

नऊ दिवस मी ज्या बगळ्याचा अभ्यास करत होते, त्याला एका माणसाने उचलून काखोटीला मारलं आणि तो चालू लागला.

बगळ्याने हूं की चूं केलं नाही.

"अहो!" मी ओरडले. "जिवंत पक्षी आहे तो!"

तो थांबला. गुडघ्यापर्यंत गमबूट, शर्टाला गवत, उद्यानाचा माळी. त्याने बगळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बगळ्याच्या पोटावर टकटक केलं. पोकळ वाजलं.

"फायबर," तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "हा उभा असला की खरे बगळे येत नाहीत. तळ्यातले मासे वाचतात."

मी बाकावर बसले. खरं तर बसलेलीच होते, पण पुन्हा बसल्यासारखं वाटलं.

मी निसर्गलेखनाच्या वर्गाला जाते. तिथे नुसतं 'झाड' लिहिलं तर मॅडम घरी पाठवतात. शेवटची परीक्षा अशी: एकच जागा, दहा दिवस, रोज एक तास. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं. प्राणी जवळ आला तर हलायचं नाही. दहाव्या दिवशी वही वर्गात वाचायची. फसली की वर्गातून नाव कमी. माझ्या वहीत या बगळ्यावर एकतीस पानं होती. आई तर दादाला जेवताना सुनावायची, "बघ, त्या बगळ्याकडून शिक जरा स्थिर राहायला!"

"पण तो हलायचा!" मी वही उघडली. "दुसरा दिवस: दोन हात डावीकडे. चौथा: पोटापर्यंत पाण्यात!"

"चिखलात रुतला होता."

"आणि सहावा? सहाव्या दिवशी त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं! दीड पान आहे त्यावर!"

माळी लाल झाला. कानापासून सुरुवात झाली, हे मी पाहिलं. सवय.

"दुसऱ्या दिवशी गवत कापायला सरकवला मी," तो म्हणाला. "तर तुम्ही इतक्या खूश झालात... भराभर लिहायला लागलात. मग म्हटलं, रोजच सरकवू. तुम्ही यायच्या आधी. कुठून बरा दिसतो ते तुमच्या बाकावर बसून बघायचो."

"आणि सहावा?"

"मला काही तुमच्याकडे बघायचं धाडस होईना," तो बगळ्याच्या चोचीला म्हणाला. "म्हटलं... याने तरी बघावं."

माझ्या पायाखालची जमीन दोन हात डावीकडे सरकली.

"मग आज कुठे पळवताय त्याला?"

"रंगवायला. उद्या तुमचा शेवटचा दिवस ना? काल फोनवर कुणाला तरी सांगत होतात. शेवटच्या दिवशी तरी नीट दिसावा."

रात्रभर विचार केला: खोटं वाचू की खरं? दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं वाचलं. फायबर, चिखल, चोच, धाडस, सगळं. मागच्या बाकावरच्या काकांना हसून हसून ठसका लागला. मॅडमनी चष्मा काढला.

"नऊ दिवस खोटा पक्षी बघितलात," त्या म्हणाल्या, "आणि बाजूचा साडेपाच फुटांचा खरा माणूस दिसला नाही?"

मी मान खाली घातली. गेलं नाव.

"निरीक्षण कच्चं आहे. आणखी दहा दिवस बसा. विषय बदलून."

मी नवी वही घेतली.

पहिला दिवस. माणूस, एक. तळ्याच्या पलीकडे. एकच फांदी चार वेळा कापली.

तिसरा दिवस. बाकाचं पलीकडचं टोक. म्हणाला, "माझं काय लिहिता?" म्हटलं, "बोलू नका, पक्षी बोलत नाहीत." म्हणाला, "खरे बोलतात." हे बरोबर आहे. नोंद केली.

पाचवा दिवस. दोन हात डावीकडे. म्हणजे माझ्याकडे. कुणी सरकवलं नाही; मी नीट पाहिलं.

सहावा दिवस. माझ्याकडे रोखून पाहिलं. स्वतः.

मग आणखी जवळ आला... नियम स्पष्ट होता.

मी हलले नाही.