मागची प्लेट

वाहन नोंदणी कचेरीच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली, नंबरप्लेट छापायचं यंत्र होतं. त्या यंत्रापाशी अठ्ठावीस वर्षं एकच गृहस्थ उभे होते. सगळे त्यांना ठसेदादा म्हणत. तोंडाने तुसडे, पण कामाला चोख. पुढे खिडकीवर अर्ज आला की खिडकीवाल्या बाई तो मागे आणून द्यायच्या. दादा खणातून अंकांचे ठसे काढून ओळीत लावायचे, वर कोरा पत्रा सरकवायचे आणि दांडा ओढायचे. पत्र्यावर अंक उठून यायचे. मग त्यांच्यावरून काळ्या रंगाचा गरम रूळ फिरवला, की झाली प्लेट.

गंमत अशी, की कामाच्या ओघात दादा नंबर कधी वाचतच नसत. ठसे उलटे असतात, एकेक आकडा बघून लावायचा आणि पुढे जायचं. हात बसला की डोक्याला काम उरत नाही. अख्खा नंबर वाचायचा तो सगळ्यात शेवटी, नोंदवहीत उतरवताना.

"वाचत बसलो तर संध्याकाळपर्यंत इथेच मुक्काम," असं ते म्हणायचे.

अपघातात निकामी झालेल्या गाड्यांच्या प्लेटही त्यांच्याकडेच यायच्या. त्या मोठ्या कात्रीत घालून मधोमध कापायच्या. एक तुकडा दाराजवळच्या पिंपात, दुसरा खिडकीजवळच्या पिंपात, आणि कोपऱ्याची बोटभर पट्टी नोंदवहीत चिकटवायची. पट्टी चिकटली, की नंबर मेला. नाही चिकटली, तर तो जिवंत.

अशी एक पट्टी दादांनी चिकटवली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ मुलीला शाळेतून आणायला निघाला आणि पुलावरून गाडीसकट नदीत गेला. गाडी निघाली, भावाचा देह निघाला. मागची प्लेट मात्र नदीतच राहिली. पुढची रीतीप्रमाणे दादांच्या टेबलावर आली. दादांनी ती कात्रीत धरली, आणि हात काही खाली येईना. शेवटी वहीत 'कापली' असं लिहून सही ठोकली, पट्टीची जागा कोरी ठेवली आणि प्लेट जुन्या बनियनमध्ये गुंडाळून घरी माळ्यावर टाकली. आयुष्यात केलेली एवढीच काय ती लबाडी. कुणी विचारलं नाही.

भावाची बायको आधीच गेलेली. त्यामुळे पोर दादांकडे आली. तिला सगळे भिंगरी म्हणत. त्या दिवशी ती शाळेच्या फाटकापाशी अंधार पडेपर्यंत उभी होती. 'बाबा येतो म्हणालेत' हे तिचं पालुपद दोन वर्षांत सुटलं नव्हतं. आता आठ वर्षांची झाली होती. संध्याकाळी दारातल्या पायरीवर बसून लिहायची. आधी लांबलचक रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. अक्षरं संपायची, रेघ उरायची. दादा म्हणायचे, "अगं, वाळत घातलेत का कपडे?" त्यांचा जीव होता पोरीवर. त्यांना आणि त्यांच्या बायकोला, भिंगरीच्या काकूला, मूलबाळ नव्हतं, आणि ती गेली तर आपलं काय होईल हा विचारही ते मनात येऊ देत नसत.

एका मंगळवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, बाई अर्ज घेऊन आल्या.

"दादा, एकच प्लेट. मागची. हरवलीय म्हणे. माणूस थांबलाय."

दादांनी ठसे लावले, दांडा ओढला, रूळ फिरवला. प्लेट गार व्हायच्या आत बाई ती फडक्यात धरून घेऊन गेल्याही. मग दादा सवयीने वही उघडून बसले, अर्जावरून नंबर उतरवू लागले, आणि चौथ्या आकड्यावर त्यांचं पेन थांबलं.

नंबर भावाचा होता.

प्लेट कशी हरवली, या रकान्यात लिहिलं होतं, 'पाण्यात राहिली.' खाली सही. घाईघाईची, शेवटी फटकारा मारलेली. ही सही दादांनी भावाच्या शाळेच्या वह्यांवर पाहिलेली होती. साक्षीदाराचा रकाना कोरा होता.

दादा धावत खिडकीशी गेले. तिथे कुणी नव्हतं. बाहेर रखरखीत ऊन. खिडकीखालच्या फरशीवर मात्र पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि शेवाळाचा वास येत होता.

"कोण होता?" दादांनी विचारलं.

"होता एक माणूस. नखशिखांत भिजलेला बिचारा..." बाई वर्षभरापूर्वीच इथे लागल्या होत्या. त्यांना भाऊ माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"साक्षीदार नाही, आणि तुम्ही अर्ज घेतलात?"

"तेच म्हटलं मी. तर म्हणाला, पुढच्या वेळी घेऊन येतो."

कुणीतरी चेष्टा केली असणार, असं दादांनी स्वतःला चारदा बजावलं. पाचव्यांदा बजावायला धीर झाला नाही. अर्धी रजा टाकून ते तडक घरी गेले.

भिंगरी नुकतीच शाळेतून येऊन पायरीवर बसली होती. तिला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"काका," ती अगदी सहज म्हणाली, "आज बाबा शाळेपाशी आले होते."

"...काय म्हणाले?"

"मागची प्लेट मिळाली म्हणाले. आता पुढची तुमच्याकडून घेतली, की मला न्यायला येणार."

दादा माळ्यावर चढले. बनियनची गुंडाळी होती तिथेच होती, वर दोन वर्षांची धूळ. त्यांनी ती सोडली. गाडीच्या पुढच्या प्लेटवर रस्त्यावरचे किडे आपटून चिकटतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. या प्लेटवरही ते होते. ताजे. एकाचा पंख अजून हलत होता.

रात्रभर दादा भिंगरीच्या उशाशी बसून राहिले. सकाळी कचेरी उघडताच प्लेट कात्रीत घातली. भावाला लहानपणी सायकलवर पुढे बसवून फिरवलेलं आठवलं आणि डोळ्यांना धार लागली. "जा रे बाबा आता," ते म्हणाले. "पोरीला राहू दे माझ्याकडे." आणि पूर्ण जोर लावून त्यांनी कात्री दाबली. एक तुकडा दाराजवळच्या पिंपात, एक खिडकीजवळच्या. दोन वर्षं कोरी राहिलेल्या जागेवर पट्टी चिकटली.

त्या संध्याकाळी भिंगरी पायरीवर बसली नाही. शेजारच्या मुलींबरोबर खेळली, पोटभर जेवली आणि काकूच्या मांडीवर झोपून गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवडा गेला, बाबांचं नावसुद्धा तिने काढलं नाही. दादांची भूक परत आली. ते बाईंवर पूर्वीसारखे खेकसायलाही लागले. एकच फरक पडला होता. आता हातात आलेला प्रत्येक अर्ज ते आधी वाचायचे.

पुढच्या गुरुवारी त्यांनी भिंगरीला स्वतः शाळेच्या फाटकात सोडलं. ती आत गेलेली डोळ्यांनी पाहिली आणि मगच कामावर आले. अकराच्या सुमारास बाई एक अर्ज घेऊन आल्या. कागदाच्या कडा ओल्या होत्या.

"एकच प्लेट, दादा. या वेळी पुढची."

दादांनी अर्ज वाचला. नंबर वाचला. प्लेट कशी गेली, या रकान्यात लिहिलं होतं, 'भावाने कापली.'

"आज साक्षीदार आणलाय हो त्यांनी," बाई म्हणाल्या. "पण लहान मुलीची सही चालते का, तेवढं सांगा. गाडीतच बसलीय ती. शाळेतून लवकर आणलंय म्हणे..."

दादांनी कागदाच्या तळाशी पाहिलं. साक्षीदाराच्या रकान्यात एक लांबलचक रेघ होती, आणि तिला लटकवलेली तीन अक्षरं. अक्षरं संपली होती. रेघ रकान्याच्या बाहेर गेली होती, आणि तिची शाई अजून वाळायची होती.