पहिला बार रॉसचा

चाळीस वर्षं मी वायोमिंगमधल्या एका आडगावात लोकांच्या बंदुका दुरुस्त केल्या. या धंद्यात माणूस पोटापुरतं कमावतो आणि भुताखेतांवरचा विश्वास गमावतो. प्रत्येक आवाजामागे एखादी सैल पट्टी निघते, नाहीतर मालकाचा मूर्खपणा. म्हणून मी सांगतोय ते ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, की मी उगाच हुरळून जाणारा गडी नाही.

मे महिन्यात कर्टिस हॅमन शायेनहून आला. जुनी पिस्तुलं जमवायचा त्याला नाद. माझ्या वडिलांच्या पिस्तुलावर त्याचा वीस वर्षं डोळा होता. सहा घरांचं चक्र असलेलं जुन्या काउबॉय धाटणीचं पिस्तूल, कारखान्याच्या खोक्यात, मेणकागदात गुंडाळलेलं, आणि एकदाही न झाडलेलं. नादिष्ट लोकांना याच शेवटच्या गोष्टीचं वेड. लग्नाचा झगा कपाटात ठेवून मरणाऱ्या बायकांसारखे असतात ते.

बाबांनी ते घेतलं अडुसष्ट साली, माझा थोरला भाऊ रॉस व्हिएतनामला निघाला त्या दिवशी. तो वीस वर्षांचा, मी अकराचा. खोक्यात बाबांच्या हातची चिठ्ठी आहे: ‘पहिला बार रॉसचा. तो येईपर्यंत कुणी झाडायचं नाही.’ पिस्तुलासोबत काडतुसांचा एक डबाही घेतला होता. रॉस आला नाही. त्याचं प्रेतही आलं नाही, नुसती तार आली. गावच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे, खाली काही नाही. बाबा गेले तेव्हा खोकं माझ्याकडे आलं, आणि मी ते तिजोरीत ठेवून दिलं.

आता मात्र ठरवणं भाग होतं. दोन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, थंडी सुरू होईपर्यंत चमचा धरणंही कठीण होईल. म्हणजे झाडायचं तर याच उन्हाळ्यात, नाहीतर कर्टिसला देऊन मोकळं व्हायचं. आणि झाडायचं म्हणजे रॉस येणार नाही हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. त्रेपन्न वर्षं मी ते केलं नव्हतं. हसा हवं तर.

कर्टिसने हातमोजे चढवले, मेणकागद उलगडला, चक्र खिडकीच्या उजेडात धरलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

“लायल, म्हाताऱ्या, याच्याशी खेळत बसतोस की काय?”

चक्राभोवती केसाएवढी एक रेघ होती.

ही रेघ कशी पडते ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. घोडा, म्हणजे अंगठ्याने मागे ओढायचा दट्ट्या, अर्धा चढवून तसाच खाली सोडला, की आतला खटका चक्राला घासत राहतो. पुरता चढवावा आणि मगच सोडावा. ही चूक नवशिके करतात. आमच्या घरात ती एकच माणूस करायचा. बाबांच्या जुन्या पिस्तुलाचं चक्र रॉसने असंच ओरबाडून ठेवलं होतं, आणि जेवणाच्या टेबलावर त्यावरून रोज बोलणी खायचा. खायचा आणि हसायचा.

मी कर्टिसला म्हटलं, कुणी हात लावलेला नाही. रेघ पडली तरी घेईन, थंडीपर्यंत सांग, असं म्हणून तो गेला. मी बायकोवर घसरलो. ग्लेंडाने शांतपणे विचारलं, तिजोरीचा आकडा तिला कधी सांगितला होता का. सांगितला नव्हता.

मी तेल लावलं, पिस्तूल गुंडाळलं, तिजोरीच्या दाराला आतून धुळीएवढा पिठाचा थर दिला. हे ग्लेंडाला आजवर ठाऊक नाही, पीठ तिच्या बिस्किटांचं होतं. जुलैत उघडलं. पीठ जसंच्या तसं. रेघ दुप्पट ठळक, आणि घोड्याच्या खाचांवरचं माझं तेल पुसलेलं, अंगठा टेकतो तेवढ्याच जागी.

ऑगस्टमध्ये मी दुकानात कॉफी पीत बसलो होतो. भर दुपार, बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू. तिजोरीतून आवाज आला. टक्. टक्. मग घासत खाली.

या पिस्तुलाचा घोडा पुरता चढताना चार वेळा वाजतो. दोन म्हणजे अर्धा.

मी घाबरलो का? हो, घाबरलो. कॉफी मांडीवर सांडली. पण थोड्या वेळाने भीती ओसरली आणि मला रडू आलं. वाट बघून कंटाळलेला माणूसच असा हाताशी चाळा करत बसतो. बाबांनी सांगितलं होतं, कुणी झाडायचं नाही. रॉसही बिचारा नियम पाळत होता.

त्या संध्याकाळी मी ग्लेंडाला सगळं सांगितलं, पीठ सोडून. तिने टेबल पुसलं, फडकं वाळत घातलं आणि म्हणाली, “मग त्याला कुणीतरी बोलवायला नको का?”

सप्टेंबरातल्या एका रविवारी, चर्चनंतर, आम्ही गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत गेलो. ऊन छान होतं, वारा पडलेला. ग्लेंडाने थर्मास आणि चेरीचा केक आणला होता. मी फळीवर कागदी ताटली ठोकली आणि पंधरा पावलं मागे आलो.

जुन्या धाटणीच्या पिस्तुलात सहा घरं असतात, पण शहाणा माणूस पाचच भरतो. घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवायचा, म्हणजे धक्का लागून बार उडत नाही. मी पाचच भरली, नव्या डब्यातली. बाबांचा जुना डबा घरी तिजोरीत होता, दुकानाची लाल पट्टी न फाडलेली. फक्त रिकामं घर मी घोड्याखाली ठेवलं नाही. ते अशा जागी आणलं की पहिल्यांदा घोडा चढवला की तेच समोर येईल. पहिला चाप रिकाम्यावर ओढायचा. तो रॉसचा. नुसता टक् होईल, मी टोपी काढीन, आणि मग माझे पाच.

हात असा थरथरत होता की काडतुसं दोनदा खाली पडली. ग्लेंडाने उचलून दिली आणि मोठ्याने मोजली. पाच. रिकाम्या घरात मी करंगळीचं टोक घालून पाहिलं. रिकामंच.

आणि तरीही नळी मी ताटलीकडेच रोखली. बाबांची शिकवण आहे, रिकामं पिस्तूल असं काही नसतंच.

“रॉस,” मी म्हटलं, “तुझी पाळी आहे.”

टक्. टक्.

तिथे घोडा थांबला. मी थांबवला नव्हता. अंगठा अडून बसला होता, त्याच्यावर कुणी अंगठा ठेवल्यासारखा.

“पुरता चढव,” मी म्हटलं. आवाज बाबांचा निघाला.

टक्. टक्.

हात थरथरायचा थांबला.

मी चाप ओढला.

बार झाला.

खाणीच्या भिंतींतून तो आवाज फिरून आला. ताटलीच्या बरोबर मध्ये भोक होतं. ग्लेंडाच्या हातातला कप सांडत होता आणि तिला ते कळत नव्हतं.

मी चक्र एकेक घर फिरवून पाहिलं. पाच नवी काडतुसं, पाचही कोरी. सहाव्या घरात झाडलेल्या काडतुसाची काळी पडलेली पुंगळी.

“मी पाच मोजली होती, लायल.”

“माहीत आहे.”

मग मी माझे पाच झाडले. हात पुन्हा थरथरू लागला होता, दोनच ताटलीला लागले. बाकीचे तीन कुठे गेले ते त्या खाणीलाच ठाऊक. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो, केक खाल्ला, आणि परत येताना दफनभूमीत थांबलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या दगडापाशी म्हटलं, “ये घरी.” त्याला जा म्हणायला गेलो होतो, तोंडातून हे निघालं.

घरी आल्यावर बाबांच्या डब्याची लाल पट्टी मी स्वतः फाडली. आत पन्नास भोकांची फळी असते. एकोणपन्नास काडतुसं होती. कोपऱ्यातलं एक भोक रिकामं. सहाव्या घरातली पुंगळी मी त्यात ठेवली. तिच्या बुडावर कोरलेली अक्षरं बाकीच्यांसारखीच निघाली.

पिस्तूल झाडलं म्हणून मी कर्टिसला कळवलं. तीन दिवस तो रुसला, मग त्याने फोन करून विचारलं, पिस्तूल नीट चाललं का. म्हटलं, लोण्यासारखं. हात बिघडलाय, पण चमचा अजून धरता येतो. आणि रेघ आता वाढत नाही. मी दर रविवारी बघतो.

काल पहिलं बर्फ पडलं. दुकानातली शेगडी विझली होती, तिजोरीचं लोखंड हाताला चिकटेल इतकं गार होतं. मी डबा उघडून कोपऱ्यातली पुंगळी तळहातावर घेतली आणि ग्लेंडाच्या हातात दिली. तिने मूठ मिटली आणि तशीच उभी राहिली.

पुंगळी अजून गरम आहे.