पारखने नाकारलेली माणसं

नागपूरच्या जैवमाहितीशास्त्र संस्थेतल्या तृप्ती उईकेचा प्रकल्प ‘पारख’ने पुन्हा नाकारला. पारख ही संगणकीय निवडप्रणाली. पूर्वी कोणाचं संशोधन यशस्वी झालं हे शिकून ती नव्या संशोधकांना गुण द्यायची आणि निधी मंडळ त्यावरूनच पैसे द्यायचं. सरकारी दवाखान्यांतल्या लाखो रक्ततपासण्यांची माहिती चाळून, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची मूत्रपिंडं निकामी होण्याआधीची खूण तृप्तीला शोधायची होती. तिचे वडील त्याच आजाराने गेले होते.

तिच्या मार्गदर्शक डॉ. नलिनी भोयर तडक मंडळाचे संचालक डॉ. गर्गे यांना भेटल्या. पारखचं भाकीत बहुतेक वेळा खरं ठरतं, असं गर्ग्यांनी ठासून सांगितलं.

“निवडलेल्यांच्या बाबतीत,” नलिनीबाई म्हणाल्या. “नाकारलेल्यांना तुम्ही काम करूच दिलं नाही. ते अपयशीच ठरले असते, हे पारखला कुठून कळलं?”

गर्ग्यांनी पुरावा मागितला.

बाईंनी तो उभा केला. स्वतःच्या अनुदानातून घ्यायचं नवं यंत्र रद्द करून त्यांनी तृप्तीसह सात नाकारलेल्यांना आपल्या प्रयोगशाळेत काम दिलं. काही वर्षांत त्यांतले सहा जण यशस्वी झाले. तृप्तीला ती खूण सापडली आणि भट्ट्यांवर तपासण्या सुरू झाल्या.

हे निकाल पारखला शिकवण्यात आले. तरीही इतर ठिकाणचे तृप्तीसारखे प्रकल्प ती नाकारतच राहिली. बाईंच्या विद्यार्थ्यांना मात्र सर्वाधिक गुण मिळू लागले. त्या सातही जणांचे विषय वेगळे, गावं वेगळी. समान होतं फक्त मार्गदर्शकाचं नाव. पारख तेवढंच शिकली होती.

गर्ग्यांनी बाईंचं अभिनंदन केलं. तृप्ती मात्र संतापली.

“म्हणजे मी अजून नापासच आहे, मॅडम. पास तुम्ही झालात.”

बाईंना ते लागलं. त्यांनी नियम पुन्हा वाचले. एका मार्गदर्शकाकडे किती संशोधक असावेत, याला मर्यादा नव्हती. देशभरातल्या नाकारलेल्या संशोधकांना त्यांनी कळवलं की मी तुमची मार्गदर्शक व्हायला तयार आहे. प्रत्यक्ष शिकवण्याचा भार तृप्तीसह त्या सातही जणांनी वाटून घेतला.

त्या वर्षी हजारो अर्ज बाईंच्या नावाने आले. पारखने सगळ्यांना सारखेच, सर्वाधिक गुण दिले.

गर्ग्यांचा फोन आला. आवाज उतरला होता.

“आता यांतून निवड करायची तरी कशी?”

“प्रस्ताव वाचून,” बाई म्हणाल्या.